९१ आणि ९१

जालावर इंजिनांबद्दल थोडंफार वाचणाऱ्याला एक ठोकताळा कधी ना कधी भेटतोच. पंपावर ९१ ऑक्टेनचं पेट्रोल मिळत असेल तर बिडाच्या हेडला ९.५ आणि अॅल्युमिनियमच्या हेडला १०.५ पर्यंत कॉम्प्रेशन रेशो बिनधास्त ठेवा. सोपं आहे, लक्षात राहतं, आणि लिहिणारा माणूस बहुतेक वेळा तीस वर्षं इंजिनं बांधणारा असतो. आपल्याकडेही साधं पेट्रोल म्हणजे ९१ हे आपण वर्षानुवर्षं ऐकत आलोय. म्हणजे झालं की काम!

नाही झालं. त्यांचं ९१ वेगळं आणि आपलं ९१ वेगळं.

ऑक्टेन मोजायची पद्धत मजेशीर आहे. एक सिलिंडरचं खास इंजिन असतं, त्याचा कॉम्प्रेशन रेशो चालू असतानाच बदलता येतो. १९२०च्या दशकाच्या अखेरीस ते तयार झालं आणि त्याच घराण्यातली इंजिनं आजही रिफायनऱ्यांमध्ये हेच काम करतात. त्यात आपलं पेट्रोल जाळायचं, नॉकिंग किती होतंय ते बघायचं, आणि मग आयसो-ऑक्टेन (मार्क १००) आणि नॉर्मल हेप्टेन (मार्क ०) यांचं कुठलं मिश्रण नेमकं तेवढंच नॉकिंग करतं ते शोधायचं. ९१ टक्के आयसो-ऑक्टेनवालं मिश्रण जुळलं की पेट्रोल ९१. पण ही परीक्षा दोन तऱ्हेने घेतात. ६०० आरपीएमला, जरा सौम्य परिस्थितीत घेतली की मिळतो रिसर्च ऑक्टेन नंबर, म्हणजे आरओएन. ९०० आरपीएमला, आणि आत जाणारं मिश्रण चांगलं तापवून घेतली की मोटर ऑक्टेन नंबर, म्हणजे एमओएन. हा दुसरा आकडा साधारण आठ-दहाने कमी येतो. भारतात आणि युरोपात पहिला आकडा सांगतात. अमेरिकेतल्या पंपांवर दोन्हींची सरासरी लिहिलेली असते.

बीएस-६च्या नियमांत साध्या पेट्रोलला आरओएन किमान ९१ आणि एमओएन किमान ८१ लागतो (ई-२० आल्यावर गणित थोडं बदललंय, त्याकडे पुढे येतोच). सरासरी काढा: ८६. म्हणजे आपलं ९१ अमेरिकेतल्या पंपावर नेलं तर सगळ्यात स्वस्त नळीच्या आसपास जाऊन बसेल. आणि त्यांचं ९१, जे तिथे प्रीमियम म्हणून विकतात, ते आपल्या मापात ९५-९६ होतं. आकडा तोच, एकक वेगळं. १९९९ साली नासाचं मार्स क्लायमेट ऑर्बिटर याच प्रकाराने गेलं होतं, एका टीमने पाउंडात हिशोब दिला आणि दुसऱ्या टीमने तो न्यूटनमध्ये वाचला. इथे जाणार आहे तो फक्त एक पिस्टन, पण खिशातनं जाणार आहे.

हा विषय डोक्यात यायचं कारण हापिसातला एक मित्र. त्याच्याकडे २०१२ सालची क्लासिक ३५० आहे, कार्ब्युरेटरवाली. तेल प्यायला लागली म्हणून इंजिन उघडायचंच आहे, तर "उघडतोच आहोत तर कॉम्प्रेशन वाढवून घेऊ" असा त्याचा बेत. कंपनीचा रेशो ८.५, त्याला हवाय १०.५. हेड अॅल्युमिनियमचं आहे ना! आमच्याकडे प्रोजेक्टचं एस्टिमेट जसं ठरतं तसंच हे ठरलं: कुठेतरी वाचलेला आकडा, वर आत्मविश्वास.

मला वाटतं प्रश्नच चुकीचा विचारला जातो. "९१ वर किती रेशो चालेल?" याला उत्तर नाही. "माझ्या गाडीच्या सगळ्यात वाईट दिवशी किती चालेल?" याला आहे.

थोडं आत डोकावू. प्लगची ठिणगी पडली की ज्योत चेंबरभर पसरत जाते. ती पोचेपर्यंत कोपऱ्यात उरलेलं मिश्रण दाबलं जात असतं, तापत असतं. ज्योत आधी पोचली तर सगळं शांतपणे जळतं. ते मिश्रण आधीच आपणहून पेटलं तर एकदम भडका उडतो, दाबाच्या लाटा धातूवर आपटतात, आणि आपल्याला बाहेर डब्यात खडे हलवल्यासारखा टकटक आवाज येतो. तेच नॉकिंग. ज्योत आणि कोपरा यांच्यातली ही शर्यत आहे, आणि कॉम्प्रेशन वाढवणं म्हणजे कोपऱ्याला थोडी आघाडी देणं. नुसत्या आवाजाने काही बिघडत नाही हो, पण पिस्टनवर चिकटून असलेला वायूचा पातळ थर, जो त्याला खऱ्या उष्णतेपासून वाचवतो, तो या लाटांनी खरवडला जातो. मग पिस्टनची कडा वितळते, रिंगांमधली कड तुटते, गास्केट जातं.

आता कोपऱ्याला आघाडी कशाकशाने मिळते ते आकड्यांत बघू. दाबल्यावर हवा किती तापते याचं बारावीतलं समीकरण घ्या (अॅडिआबॅटिक, आठवतंय का?), घातांकासाठी ०.३५ धरा. डिसेंबरातली पुण्याची सकाळ, १५ अंश. ८.५ च्या रेशोला दाबल्यावर मिश्रण जातं साधारण ३३५ अंशांपर्यंत. मे महिन्यातली दुपार, ४० अंश, तोच रेशो: ३९० च्या आसपास. आता डिसेंबरातल्याच सकाळी रेशो १०.५ करा. येतात ३८३-३८४ अंश.

परत वाचा. तापमानापुरतं बोलायचं तर १०.५ चा रेशो डिसेंबरात जे करतो तेच ८.५ चा रेशो मे महिन्यात करतो. दोन पॉइंट कॉम्प्रेशन आणि पुण्याचा उन्हाळा यांची किंमत जवळपास सारखी आहे. (दाब वेगळा असतो, सिलिंडरच्या भिंतीही हवा तापवतात, त्यामुळे हे तंतोतंत नाही. पण अंदाज यायला पुरे.) म्हणून "मी वाढवलंय, गेले तीन महिने मस्त चालतेय" असं कुणी सांगितलं की मी आधी विचारतो, कुठले तीन महिने?

उन्हाळा एकटा येत नाही. पुणं समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरवर आहे, इथे हवेचा दाब किनाऱ्यापेक्षा पाच-सहा टक्क्यांनी कमी. म्हणजे आपण इथे जे ट्यून करतो ते थोडं सवलतीत ट्यून करतो. ती गाडी घेऊन कोकणात उतरलो की हवा घट्ट होते, सिलिंडरमध्ये जास्त भरली जाते, सवलत संपते. (तिथली दमट हवा नॉकिंग थोडं कमी करते, पण त्यावर विसंबून राहू नये.) आणि मग महाडकडून वरंधा घाट चढायचा. मागे माणूस, दोन बॅगा, तिसरा गिअर, आरपीएम कमी आणि थ्रॉटल पूर्ण उघडा, कारण गिअर पाडायचा कंटाळा. कोपऱ्यातल्या मिश्रणाला पेटायला वेळच वेळ. हवेवर थंड होणारं इंजिन आणि वाऱ्याचा वेग ताशी तीस किलोमीटर. हा झाला तुमचा सगळ्यात वाईट दिवस. सर्व्हर किती मोठा घ्यायचा हे आपण रविवारी दुपारच्या लोडवर ठरवत नाही ना? सकाळी दहाला तत्काळचं बुकिंग उघडतं तेव्हाच्या लोडवर ठरवतो.

त्या दिवशी टाकीत काय असेल? इथे मात्र मजा संपते. पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळण्याचा धंदा आपल्याकडे किती खोल होता हे २५ जानेवारी २०११ला कळलं, मनमाडजवळ अपर जिल्हाधिकारी यशवंत सोनवणे यांना या तेलमाफियाने भर दिवसा जाळून मारलं तेव्हा. त्यानंतर रेशनचं रॉकेल खूप कमी झालं, टँकरवर नजर आली, परिस्थिती सुधारली. पण रॉकेलचा ऑक्टेन इतका खाली असतो की थोडीशी भेसळही ९१ ला ९१ ठेवत नाही. रात्री दहाला आडगावातल्या पंपावर जे मिळेल ते भरायचं असतं, तेव्हा नळीवरच्या पाटीवर किती भरवसा ठेवायचा हे ज्याचं त्याने ठरवावं. मी थोडा कमीच ठेवतो.

"पण महागडं पेट्रोल मिळतं की!" मिळतं. इंडियन ऑइलने १०० ऑक्टेनचं पेट्रोल डिसेंबर २०२० मध्ये आणलं, इतर कंपन्यांचीही ९५-९७-९९ वाली आहेत. पण सगळीकडे नाहीत. इंजिन असं बांधलंत की ते त्याशिवाय चालणारच नाही, तर तुम्ही पेट्रोल घेत नाही, आयुष्यभराचं सबस्क्रिप्शन घेताय, आणि तेही निम्म्या ठिकाणी रेंज नसलेलं.

आता ई-२०. ६ फेब्रुवारी २०२३ ला वीस टक्के इथेनॉलवालं पेट्रोल विक्रीला आलं आणि २०२५ पर्यंत ते जवळजवळ देशभर झालं. इथेनॉलचा ऑक्टेन दणदणीत असतो, त्यामुळे या पेट्रोलचा आरओएन ९५ धरला जातो. मित्राने लगेच हे पकडलं. "मग आता तर अमेरिकेतल्या ९१ शी जुळलं की!" मुद्दा चुकीचा नाही. इथेनॉल बाष्प होताना मिश्रणाला थंडही करतं, तोही फायदाच. आणि लिटरमागे इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या साधारण दोन तृतीयांशच ऊर्जा असल्याने ई-२० मध्ये सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते, तर कॉम्प्रेशन वाढवून त्यातली थोडी परत मिळवणं हे इंजिन बनवणाऱ्या कंपनीने करायलाच हवं.

पण ते काम २०१२ च्या कार्ब्युरेटरवर लेथवाल्याकडे जाऊन होत नाही. त्या कार्ब्युरेटरचे जेट साध्या पेट्रोलसाठी बसवलेले आहेत. इथेनॉलला जळायला हवा कमी लागते, म्हणून त्याच जेटमधून ई-२० गेलं की मिश्रण सात-आठ टक्क्यांनी लीन होतं. पूर्ण थ्रॉटलला मिश्रण मुद्दाम थोडं रिच ठेवलेलं असतं, इंजिन थंड राहावं म्हणून. तेच नेमकं कमी होतं. इंजेक्शनवाल्या गाडीत सेन्सर हे सावरून घेतो, कार्ब्युरेटरला कोण सांगणार?

दुसरी गोष्ट पावसाळ्याची. इथेनॉल पाणी ओढतं. टाकीत पाणी मर्यादेबाहेर गेलं की इथेनॉल आणि पाणी हातात हात घालून तळाशी जातात, आणि वर उरतं ते इथेनॉल नसलेलं पेट्रोल, म्हणजे ज्याचा ऑक्टेन इथेनॉलच्या जिवावरच वर आलेला होता ते. गाडी जून ते सप्टेंबर सोसायटीच्या पार्किंगमध्ये उभी करून चार महिने ऑनसाइटला जाणाऱ्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. म्हणून ई-२० ने मिळालेले चार आकडे मी तरी खर्च करणार नाही. ते वाईट दिवसासाठी राखून ठेवावेत.

बरं, एवढा जीव धोक्यात घालून मिळतं काय? ऑटो सायकलचं सूत्र सांगतं की ९ वरून १० वर गेलं की कार्यक्षमता सुमारे तीन टक्क्यांनी वाढते. १० वरून ११ वर अजून अडीच. प्रत्येक पुढचा पॉइंट आधीच्यापेक्षा कमी देतो. आणि हे कागदावर. नॉकिंग टाळायला इग्निशन चार-पाच अंश मागे न्यावं लागलं की मिळवलेलं बरंचसं तिथेच परत जातं. चेन साफ करून, टायरमध्ये हवा नीट भरून, एअर फिल्टर बदलून तेवढं मायलेज मिळून जाईल, आणि त्याने पिस्टनला भोक पडत नाही :-)

हा प्रश्न जुना आहे. पहिल्या महायुद्धानंतर लगेचच इंग्लंडमध्ये हॅरी रिकार्डोने रेशो बदलता येणारं इंजिन बांधून दाखवून दिलं की मर्यादा इंधन घालतं. अमेरिकेत जनरल मोटर्सच्या थॉमस मिजलीने ९ डिसेंबर १९२१ ला वेगळीच वाट काढली, पेट्रोलमध्ये शिशाचं संयुग घातलं की नॉकिंग थांबतं! मग जगभर इंजिनांचे रेशो वाढत गेले आणि तेवढं शिसं पोरांच्या रक्तात गेलं. भारतात शिसंयुक्त पेट्रोल बंद व्हायला २००० साल उजाडलं, आणि जगात सगळ्यात शेवटी अल्जीरियात ते २०२१ मध्ये थांबलं. दोन-तीन पॉइंट कॉम्प्रेशनसाठी शंभर वर्षं. असो.

यावर लोक म्हणतात, मग कंपन्या कशा वाढवतात? रॉयल एनफिल्डच्याच हिमालयन ४५० ला ११.५ आहे. हो, पण ती पाण्यावर थंड होते, हेडमध्ये चार व्हॉल्व्ह आहेत, इंजेक्शन आहे, आणि इग्निशन संगणक ठरवतो. माझदाने स्कायअॅक्टिव्ह इंजिनात युरोपात ९५ आरओएनवर १४ चा रेशो दिला आणि अमेरिकेत साध्या पेट्रोलसाठी तो १३ वर आणला. एवढ्या संशोधनानंतर, एवढ्या सॉफ्टवेअरनंतरही पेट्रोल बदललं की त्यांनी रेशो बदलला! त्यांच्या चौदामध्ये खास लांब एक्झॉस्टचाही हात आहे, जळालेला गरम वायू मागे उरू नये म्हणून. आपण त्यातला फक्त आकडा उचलतो.

त्यातून तो आकडाही स्थिर असतो, म्हणजे भूमितीतला. इनटेक व्हॉल्व्ह उशिरा बंद होत असेल तर पिस्टन वर येतानाही थोडी हवा बाहेर जाते, खरं दाबणं कमी होतं. प्रियस १३ चा रेशो साध्या पेट्रोलवर चालवते ती या युक्तीने. उलट आपल्या जुन्या, कमी आरपीएमच्या, लवकर व्हॉल्व्ह बंद करणाऱ्या कॅमवर १०.५ म्हणजे जवळजवळ पूर्ण १०.५.

तर कितीवर थांबायचं? हवेवर थंड होणारं, दोन व्हॉल्व्हचं, कार्ब्युरेटरवालं, नॉक सेन्सर नसलेलं इंजिन असेल, तर माझं मत ९. फार तर ९. रॉयल एनफिल्डने स्वतः नव्या ३५० ला ९.५ दिलाय, पण इंजेक्शन आणि नवं हेड देऊन. मित्राच्या इंजिनात दोन प्लग आहेत, ज्योतीचा रस्ता छोटा होतो, म्हणून ९ म्हणतोय, नाहीतर ८.५ लाच हात लावू नका म्हटलं असतं.

आणि जो काही ठेवाल तो मोजून ठेवा. "अर्धा मिलिमीटर फेस मारला, आता नऊ झाला असेल" ही लेथवाल्याची भाषा, इंजिनिअरची नव्हे. बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९०, म्हणजे ३४६ सीसी. ८.५ साठी वर उरलेली जागा हवी ४६ सीसी. ९ साठी ४३.२५. ब्लॉक खालून १ मिमी कमी केला तर ३.८५ सीसी जातात, म्हणजे पाऊण मिमीच्या आत काम होतं. मित्राच्या १०.५ साठी अडीच मिमी काढावे लागले असते, आणि तेवढं काढल्यावर व्हॉल्व्ह पिस्टनला भेटतो का, पुशरॉडची लांबी पुरते का, हे सगळे वेगळेच प्रश्न.

मोजायला काही लागत नाही. हेडमध्ये प्लग आणि व्हॉल्व्ह बसवा, तोंडावर ग्रीस लावून भोक पाडलेली अॅक्रिलिकची पट्टी चिकटवा, आणि औषधाच्या दुकानातल्या दहा मिलीच्या सिरिंजने पातळ तेल भरत जा. अकरावीतलं टायट्रेशन. मग गास्केटची जाडी, पिस्टन वर आल्यावर काठापासून किती खाली राहतो, पिस्टनच्या माथ्याचा फुगवटा किंवा खळगा, हे सगळं धरायचं. छोट्या इंजिनात तर हे जास्तच नाजूक. ९७ सीसीच्या इंजिनात ९ च्या रेशोला वरची जागा जेमतेम १२ सीसी असते. त्यातली एक सीसी गेली, म्हणजे चहाच्या चमच्याचा पाचवा भाग, की रेशो ९.७ होतो. चेंबरमध्ये वर्षानुवर्षं साचलेली काजळीही याच मापात मोजली जाते, आणि ती उलट उष्णता धरून ठेवते.

बांधून झाल्यावर पहिले हजार किलोमीटर झाले की मे महिन्यातच, मागे माणूस बसवून, एक घाट मुद्दाम चुकीच्या, वरच्या गिअरमध्ये थोडा वेळ चढवून बघा. हेल्मेटची काच वर करा, म्हणजे आवाज कळेल. टकटक आली की लगेच थ्रॉटल सोडा, गिअर पाडा, आणि घरी येऊन प्लग काढून भिंगाखाली बघा. पांढऱ्या पोर्सेलिनवर बारीक चंदेरी-काळे ठिपके उडालेले दिसले, तर ते तुमच्या पिस्टनचं अॅल्युमिनियम आहे.